मर्यादक अभिक्रियाकारक

रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांपैकी जो पदार्थ सर्वांत आधी पूर्णपणे संपतो आणि त्यामुळे अभिक्रिया थांबते, त्याला मर्यादक अभिक्रियाकारक असे म्हणतात. अभिक्रियेतून जास्तीत जास्त किती उत्पादित मिळेल, हे याच पदार्थाच्या राशीवरून ठरते. उरलेल्या अभिक्रियाकारकांना जादा अभिक्रियाकारक म्हणतात. अभिक्रिया थांबल्यावर त्यांचा काही भाग न बदलता मिश्रणात शिल्लक राहतो. ही संकल्पना उच्च माध्यमिक स्तरावरील रसायनशास्त्रात शिकवली जाते. तिचा उपयोग मात्र परीक्षेपुरता नाही. खतनिर्मिती, औषधनिर्मिती, इंधनाचे ज्वलन आणि औद्योगिक सांडपाण्यावरील प्रक्रिया या सर्व ठिकाणी कोणता पदार्थ आधी संपतो आणि कोणता उरतो, हा प्रश्न निर्णायक असतो. नाशिकजवळील सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत धातूंच्या विलेपनाच्या व्यवसायात तो रोजच्या कामाचा भाग आहे.

संकल्पना

संतुलित रासायनिक समीकरण पदार्थांच्या रेणूंचे, म्हणजेच मोलचे, गुणोत्तर सांगते. वस्तुमानाचे गुणोत्तर त्यावरून काढावे लागते. जोडणी विभागातील साधे उदाहरण घेतल्यास, एका जोडणीला १ बोल्ट, १ नट व २ वॉशर लागत असतील आणि हाताशी १०० बोल्ट, १०० नट व १५० वॉशर असतील, तर ७५ जोडण्याच पूर्ण होतील. संख्येने वॉशर सर्वाधिक आहेत, तरीही काम त्यांच्यापाशीच अडते. बोल्ट व नट प्रत्येकी २५ उरतात. रेणूंच्या बाबतीत हाच हिशोब लागू होतो, फक्त रेणू मोजता येत नसल्यामुळे ते तोलून मोलमध्ये रूपांतरित करावे लागतात.

गणनाची रीत ठरलेली आहे. प्रथम समीकरण संतुलित केले जाते. प्रत्येक अभिक्रियाकारकाच्या वस्तुमानाला त्याच्या मोलीय वस्तुमानाने भागून मोलची संख्या काढली जाते. त्या संख्येला समीकरणातील त्या पदार्थाच्या सहगुणकाने भागले जाते. ज्या पदार्थाचा भागाकार सर्वांत लहान येतो, तो मर्यादक. यानंतरचे सर्व गणन, म्हणजे उत्पादिताची राशी आणि जादा पदार्थांची शिल्लक, याच भागाकाराच्या आधारे केले जाते.

अमोनियाच्या निर्मितीत नायट्रोजनचा १ मोल व हायड्रोजनचे ३ मोल यांपासून अमोनियाचे २ मोल तयार होतात. समजा, २८ ग्रॅम नायट्रोजन व १० ग्रॅम हायड्रोजन एकत्र आणले आणि अभिक्रिया पूर्ण झाली असे मानले. नायट्रोजनचा १ मोल आहे, भागिले १ म्हणजे १. हायड्रोजनचे ५ मोल आहेत, भागिले ३ म्हणजे १.६७. म्हणून नायट्रोजन मर्यादक ठरतो. अमोनियाचे २ मोल, म्हणजे ३४ ग्रॅम मिळतात आणि ४ ग्रॅम हायड्रोजन उरतो. वजनाने नायट्रोजन हायड्रोजनच्या जवळजवळ तिप्पट असूनही तोच आधी संपला. ग्रॅमची थेट तुलना करून मर्यादक पदार्थ ठरवणे ही विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक वेळा होणारी चूक आहे. सहगुणकाने भागण्याची पायरी गाळणे ही दुसरी.

सातपूरमधील विलेपन व्यवसाय आणि क्रोमियम

सातपूर हे नाशिक शहराच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वर रस्त्यावरील पूर्वीचे गाव असून आता ते नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या येथील वसाहतीत वाहने, वाहनांचे सुटे भाग, टायर आणि विद्युत उपकरणे यांचे कारखाने आहेत. मोठ्या कारखान्यांना भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांबरोबर त्या भागांवर जस्त, निकेल किंवा क्रोमियमचा मुलामा देणारे विद्युत विलेपनाचे छोटे उद्योगही येथे व शेजारच्या अंबड वसाहतीत वाढले. या परिसरातून नंदिनी नदी वाहते. नासर्डी या जुन्या नावानेही ओळखली जाणारी ही नदी पुढे गोदावरीला मिळते. त्यामुळे विलेपनाच्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी कोणत्या अवस्थेत बाहेर पडते, याला येथे विशेष महत्त्व आहे.

क्रोमियमच्या विलेपनासाठी सामान्यतः दर लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड व २.५ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल असलेले द्रावण वापरतात. क्रोमियम ट्रायऑक्साइडचे मोलीय वस्तुमान १०० आणि क्रोमियमचे ५२ असल्यामुळे या द्रावणाच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे १३० ग्रॅम क्रोमियम असते आणि ते सारे षट्संयुजी अवस्थेत असते. टाकीतून बाहेर काढलेल्या प्रत्येक जॉबला थोडे द्रावण चिकटून येते व धुण्याच्या पाण्यात उतरते. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळलेले राहते आणि ते मानवात कर्करोगास कारणीभूत ठरत असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. त्रिसंयुजी क्रोमियम त्या मानाने पुष्कळच कमी विषारी असते आणि त्याचे हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने ते गाळाच्या रूपात वेगळे काढता येते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सर्वसाधारण मानकांनुसार भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडायच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियम दर लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा आणि एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

म्हणून सांडपाण्यावरील प्रक्रिया दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पाण्याचा सामू २ ते ३ पर्यंत उतरवतात आणि सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीत क्षपण करतात. पिवळे पाणी हिरवट होते. दुसऱ्या टप्प्यात चुन्याची निवळी किंवा कॉस्टिक सोडा घालून सामू ८ ते ९ पर्यंत चढवतात आणि क्रोमियम हायड्रॉक्साइडचा हिरवट अवक्षेप खाली बसतो. पहिल्या टप्प्याच्या संतुलित समीकरणानुसार क्रोमिक आम्लाचे ४ मोल, मेटाबायसल्फाइटचे ३ मोल आणि सल्फ्युरिक आम्लाचे ३ मोल यांपासून क्रोमियम सल्फेटचे २ मोल, सोडियम सल्फेटचे ३ मोल आणि पाण्याचे ७ मोल तयार होतात.

गणनाचे उदाहरण

समजा, विलेपनाच्या टाकीतील २ लिटर द्रावण जॉबला चिकटून धुण्याच्या २,००० लिटर पाण्यात उतरले. या पाण्यात २६० ग्रॅम, म्हणजे ५ मोल क्रोमियम असेल आणि त्याची संहती लिटरला १३० मिलिग्रॅम असेल. मेटाबायसल्फाइटचे मोलीय वस्तुमान १९०.१ आहे. समीकरणाप्रमाणे ५ मोल क्रोमियमसाठी ३.७५ मोल, म्हणजे ७१३ ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागते. क्रोमियमच्या प्रत्येक ग्रॅममागे ते २.७४ ग्रॅम पडते.

आता या टाकीत केवळ ६०० ग्रॅम मेटाबायसल्फाइट टाकले गेले, असे मानू. आम्ल पुरेसे आहे. मेटाबायसल्फाइटचे ३.१५६ मोल झाले. भागिले ३ म्हणजे १.०५. क्रोमियमचे ५ मोल भागिले ४ म्हणजे १.२५. लहान भागाकार मेटाबायसल्फाइटचा असल्याने ते मर्यादक ठरते. त्यातून ४.२०८ मोल क्रोमियमचेच क्षपण होते आणि दुसऱ्या टप्प्यानंतर क्रोमियम हायड्रॉक्साइडचे तेवढेच मोल, म्हणजे सुमारे ४३३ ग्रॅम मिळतात. पूर्ण मात्रेत ते ५१५ ग्रॅम मिळाले असते. उरलेले ०.७९२ मोल, म्हणजे ४१ ग्रॅम क्रोमियम षट्संयुजीच राहते. चुन्याने त्याचा अवक्षेप होत नाही; ते वरच्या निवळलेल्या पाण्याबरोबर जाते. २,००० लिटरमध्ये त्याची संहती लिटरला २०.६ मिलिग्रॅम भरते.

मेटाबायसल्फाइटची मात्रा १६ टक्क्यांनी कमी पडली आणि मानक २०० पटींहून अधिक ओलांडले गेले. उत्पादिताच्या बाजूने पाहिले तर ही तूट किरकोळ वाटते, कारण ८४ टक्के गाळ तर मिळालाच. पाठ्यपुस्तकांतील बहुतेक उदाहरणे उत्पादित किती मिळाले हे विचारून थांबतात. सांडपाण्याच्या बाबतीत मात्र खरे उत्तर शिल्लक राहिलेल्या पदार्थात असते.

हिशोब आणखी ताणून पाहिला तर त्याच्या मर्यादाही दिसतात. लिटरला ०.१ मिलिग्रॅम म्हणजे या टाकीत ०.२ ग्रॅम क्रोमियम, आणि त्यासाठी लागणारे मेटाबायसल्फाइट ०.५५ ग्रॅम. ७१३ ग्रॅम भुकटीतील अर्ध्या ग्रॅमची चूक मानक गाठण्यास किंवा चुकवण्यास पुरेशी ठरते. कारखान्यातील तराजू, पोत्यातील भुकटीची शुद्धता आणि टाकीतील पाण्याची पातळी यांपैकी काहीही इतके अचूक नसते. भुकटी ९५ टक्के शुद्ध असेल तर ७१३ ग्रॅमऐवजी सुमारे ७५० ग्रॅम घ्यावी लागते. दमट हवेत उघडे राहिलेले पोते सल्फर डायऑक्साइड सोडून आणखी निकस होते. शिवाय पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजनही सल्फाइटचा काही भाग खातो. या कारणांमुळे प्रत्यक्षात क्रोमियमलाच मर्यादक ठेवून मेटाबायसल्फाइट जाणूनबुजून जादा टाकले जाते आणि शेवट हिशोबाने न ठरवता चाचणीने ठरवला जातो. डायफेनिलकार्बाझाइड हे अभिकर्मक आम्लयुक्त द्रावणात षट्संयुजी क्रोमियमबरोबर जांभळा रंग देते. पाण्याचा पिवळेपणा गेला एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्रोमियम डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण ते मानकाच्या पाचपट असते. मोठ्या संयंत्रांत ऑक्सिडीकरण-क्षपण विभव मोजणाऱ्या विद्युताग्राच्या साहाय्याने मात्रा आपोआप नियंत्रित केली जाते.

जादा मात्रेची किंमत

जादा अभिक्रियाकारक फुकट जात नाही, तो पाण्यात राहतो. वरील टाकीत ७१३ ऐवजी ८०० ग्रॅम मेटाबायसल्फाइट टाकल्यास क्रोमियम मर्यादक ठरते आणि ८७ ग्रॅम मेटाबायसल्फाइट उरते. ऑक्सिडीकरण होऊन त्याचे सल्फेट बनताना त्याच्या प्रत्येक मोलमागे ऑक्सिजनचा १ मोल खर्च होतो. ८७ ग्रॅममागे तो १४.७ ग्रॅम भरतो, म्हणजे २,००० लिटरमध्ये लिटरला सुमारे ७.३ मिलिग्रॅम. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवाबंद नसलेल्या गोड्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साधारण ८.३ मिलिग्रॅमपर्यंत असतो. जादा पडलेली एक ओंजळ भुकटी टाकीतील जवळजवळ सर्व ऑक्सिजन संपवू शकते. कमी सामूच्या पाण्यात जादा सल्फाइटपासून सल्फर डायऑक्साइड वायूही सुटतो आणि बंदिस्त शेडमध्ये काम करणाऱ्यांना त्याचा त्रास होतो.

मेटाबायसल्फाइटऐवजी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट वापरण्याची रीतही जुनी आहे. क्रोमियमच्या प्रत्येक मोलमागे त्याचे ३ मोल लागतात, म्हणून वरील ५ मोल क्रोमियमसाठी स्फटिकरूप हिराकस ४.१७ किलोग्रॅम पुरवावे लागते. शिवाय फेरिक हायड्रॉक्साइडचा सुमारे १.६ किलोग्रॅम गाळ वाढतो. क्रोमियमचा स्वतःचा गाळ अर्धा किलोच्या आसपास असताना त्यात तिपटीहून अधिक भर पडते. घातक कचऱ्याच्या नियमांनुसार हा गाळ अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा लागतो आणि त्याचा खर्च वजनावर असतो. त्यामुळे स्वस्त अभिकर्मक शेवटी स्वस्त पडतोच असे नाही. दुसऱ्या टप्प्यातही अतिरेक चालत नाही. क्रोमियम हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे. कॉस्टिक सोडा फार झाल्यास अवक्षेप पुन्हा विरघळू लागतो.

मर्यादा आणि वेग

अभिक्रिया किती दूर जाईल हे मर्यादक पदार्थ ठरवतो. ती किती लवकर जाईल हे तो एकटा ठरवत नाही. क्रोमियमच्या क्षपणात हा भेद स्पष्ट दिसतो. सामू २ च्या आसपास अभिक्रिया काही मिनिटांत संपते, परंतु सामू ५ च्या जवळ ती इतकी मंदावते की मेटाबायसल्फाइट भरपूर असूनही पाणी बराच काळ पिवळे राहते. अशा वेळी आणखी भुकटी टाकण्यात अर्थ नसतो. उणीव आम्लाची असते. वरील टाकीत समीकरणानुसार ३६८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल खर्च होते, पण सामू खाली आणून तो तेथेच राखण्यासाठी याहून अधिक आम्ल लागते. पाण्यात आधीच अल्क असेल तर ते आधी उदासीन व्हावे लागते. दोन टाक्यांना एकच मात्रा दिली, तरी निकाल वेगळा लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

मर्यादक पदार्थामुळे उत्पादित बदलणे

काही अभिक्रियांत एका पदार्थाच्या कमतरतेमुळे उत्पादिताची राशीच नव्हे, तर त्याचे स्वरूपही बदलते. सर्वांत परिचित उदाहरण ज्वलनाचे आहे. घरगुती गॅसमधील ब्युटेनच्या २ मोलच्या पूर्ण ज्वलनास ऑक्सिजनचे १३ मोल लागतात. १ किलोग्रॅम गॅसला सुमारे ३.६ किलोग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे अंदाजे १३ घनमीटर हवा हवी. मोकळ्या स्वयंपाकघरात गॅस मर्यादक असतो आणि ज्योत निळी राहते. बंद न्हाणीघरात मात्र गॅस गीझर चालू राहिल्यास ऑक्सिजन मर्यादक होत जातो आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू तयार होऊ लागतो. गीझर न्हाणीघराबाहेर बसवावा व वायुवीजन असावे, ही सूचना याच कारणासाठी दिली जाते.

विलेपनात वापरल्या जाणाऱ्या सायनाइडच्या नाशातही असेच घडते. सोडियम सायनाइडच्या १ मोलमागे हायपोक्लोराइटचा १ मोल मिळाला तर अभिक्रिया सायनेटपाशी थांबते, २.५ मोल मिळाले तर सायनाइडमधील नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. सायनाइड आणि आम्लयुक्त क्रोमियमचे पाणी कधीही एकत्र येऊ दिले जात नाही, कारण आम्लामुळे अतिविषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.

कधी कधी ही मर्यादा मुद्दाम घातली जाते. टायरसाठी रबराचे व्हल्कनीकरण करताना रबराच्या शंभर भागांत गंधकाचे साधारण १ ते ३ भाग मिसळतात. रबराच्या रेणुशृंखलांवर जोड बसण्यासाठी जागा पुष्कळ असतात. गंधकच तुटपुंजे ठेवल्यामुळे जोड मोजके बसतात आणि रबर लवचीक राहते. गंधक ३० भागांच्या आसपास नेल्यास एबोनाइट हा कठीण, ठिसूळ पदार्थ मिळतो.

सैद्धांतिक व प्रत्यक्ष उत्पादन

मर्यादक पदार्थावरून काढलेल्या राशीला सैद्धांतिक उत्पादन म्हणतात. प्रत्यक्ष हाती आलेल्या राशीला तिने भागून १०० ने गुणले की उत्पादनाची टक्केवारी मिळते. ती १०० हून अधिक आली, तर उत्पादित अशुद्ध किंवा ओले आहे असे समजावे. सांडपाण्याच्या गाळाचे वजन ५१५ ग्रॅमपेक्षा नेहमीच बरेच जास्त भरते, कारण त्यात पाणी असते आणि चुना वापरला असल्यास जिप्समही असते. गाळ जास्त निघाला म्हणजे क्रोमियम पूर्ण निघाले, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

इतिहास

अभिक्रियेत वस्तुमान अक्षय राहते हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काटेकोर तोलणीने दाखवले. आम्ल व आम्लारी ठरावीक प्रमाणात एकमेकांना उदासीन करतात, या निरीक्षणावरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ येरेमियास रिश्टर यांनी १७९२ मध्ये स्टॉइकिओमेट्री ही संज्ञा घडवली. ग्रीक भाषेतील मूलतत्त्व व मापन या अर्थांच्या शब्दांपासून ती बनली आहे. जोझेफ प्रूस्त यांचा स्थिर प्रमाणाचा नियम आणि जॉन डाल्टन यांचा अणुसिद्धांत यांनंतर या प्रमाणांना अणूंच्या संख्येचा आधार मिळाला.

याच धर्तीचा विचार शेतीतही मांडला गेला. कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडलेला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी पुढे प्रसिद्धीस आणलेला न्यूनतमाचा नियम असे सांगतो की, पिकाची वाढ जमिनीत सर्वांत कमी पडणाऱ्या पोषकद्रव्यावर अवलंबून असते. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत नत्राची मात्रा वाढवून फारसा लाभ होत नाही. मात्र पीक हे एका समीकरणात बसणारे मिश्रण नसते. एका पोषकद्रव्याच्या उपलब्धतेमुळे दुसऱ्याचे शोषण वाढते किंवा घटते, म्हणून येथे मर्यादक पदार्थाचा हिशोब माती परीक्षणानंतरही अंदाजाचाच राहतो.